विश्लेषण : कुंडीतल्या मेथीने महिन्याचा खर्च खरेच कमी होतो का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर आला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेतील हा नीचांक. भाज्यांचे दर तर वर्षभरापूर्वीपेक्षा २७.५७ टक्क्यांनी कमी नोंदवले गेले. तरीही दिवाळीचा खर्च आटोपल्यावर हिशेबाची वही घेऊन बसलेल्या अनेक घरांत बेरीज जुळत नाही. दुसरीकडे पाऊस गेल्यापासून रोपवाटिकांत गर्दी आहे आणि ‘भाजी घरीच पिकवा, पैसे वाचवा’ असे सल्ले मोबाइलवर फिरत आहेत. कुंडी, कढई आणि खर्चाची वही या तिघांचा खरा संबंध किती, हे आकड्यांच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

भाजी इतकी स्वस्त झाली, तर ते जाणवत का नाही?

महागाईचा दर हा तुलनेचा आकडा असतो आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांची महागाई ४२.१८ टक्के होती. त्या महिन्यात एकूण किरकोळ महागाई ६.२१ टक्क्यांवर, तर अन्नधान्याची महागाई १०.८७ टक्क्यांवर पोहोचली होती. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये जी भाजीची पिशवी १०० रुपयांत भरत होती, ती वर्षभराने १४२ रुपयांची झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा १०३ रुपयांवर आली. त्या दोन वर्षांत भाजी स्वस्त झाली नाही. ती होती तिथे परत आली.

दरम्यान बाकीचे सामान मात्र परत आले नाही. खाद्यतेलाच्या आयातीवरील शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवण्यात आले. पुढे मे २०२५ अखेरीस कच्च्या तेलापुरते ते कमी झाले, तरी ऑक्टोबरच्या आकडेवारीत तेल-तुपाची महागाई ११ टक्क्यांच्या आसपासच होती. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांवर गेला. डाळी उतरल्या होत्या, हा दिलासा खरा. पण भाजीवाल्याकडे वाचलेले पैसे तेलाच्या पिशवीत गेले, तर वहीत त्याची नोंद कुठेच दिसत नाही.

एका कुटुंबाच्या खर्चात भाजीचा वाटा किती?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता. त्यातला ३९.६८ टक्के खाण्यापिण्यावर आणि ४.१२ टक्के भाज्यांवर. चौघांच्या कुटुंबाचे गणित मांडले तर महिन्याचा एकूण खर्च साधारण २८ हजार, खाण्यापिण्याचा ११ हजार आणि भाजीचा सुमारे १,१५० रुपये. पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरात हे आकडे बरेच मोठे असतील, शिवाय त्यानंतर दरही हलले आहेत. प्रमाणाचा अंदाज येण्यास मात्र ते पुरेसे आहेत.

आता त्याच तक्त्यातील दुसरी ओळ. ‘पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ’ या गटावर शहरी कुटुंबे खर्चाच्या ११.०९ टक्के रक्कम घालवतात. चौघांच्या घरात ती ३,१०० रुपयांच्या घरात जाते. यात घरी आणलेली चहापूड आणि कॉफीही येते, त्यामुळे सगळीच रक्कम ‘बाहेरच्या खाण्याची’ नाही. पण बिस्किटे, फरसाण, वेफर्स, शीतपेये, बाटलीबंद पाणी, टपरीवरचा चहा आणि विकत आणलेले तयार जेवण यांची बेरीज भाजीच्या जवळपास पावणेतीन पट आहे.

बाल्कनीतल्या कुंड्यांनी घरच्या भाजीचा चौथा हिस्सा पुरवला, तर महिन्याला २८८ रुपये वाचतील. शहरातल्या बाल्कनीत तेवढे पिकवणे हेही कौतुकाचेच. उलट दुसऱ्या गटातील खर्च चौथ्या हिश्शाने कमी केला, तर ७७६ रुपये वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे आणि फरसाणावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. त्याचा परिणाम पुडा स्वस्त होण्यात होईल की आधी एक घेणारे घर आता दोन पुडे घेईल, हे वहीतच कळेल.

मग लागवड याच दिवसांत का?

शरद ऋतू म्हटले की इंग्रजी पुस्तकांतली पानगळ आठवते. आपल्याकडे पाने गळतात ती शिशिरात. आश्विन-कार्तिकात इथे जमिनीत ओल असते, आकाश मोकळे होते आणि नैऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरलेला असतो. मुंबईतून तो परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ‘ऑक्टोबर हीट’चे. त्या उन्हात कोथिंबीर नीट उगवत नाही आणि उगवली तरी लवकर फुलावर येते. म्हणून दिवाळीच्या आसपास, रात्री गार होऊ लागल्या की मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, लसणाची पात यांना योग्य काळ मिळतो. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक ३० ते ४० आणि कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीला येते.

नेमकी इथेच बचतीच्या हिशेबात एक मेख आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेली मेथी डिसेंबरमध्ये ताटात येते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बाजारात पालेभाजी सर्वांत स्वस्त असण्याचा. शेतकऱ्याच्या वाफ्यालाही तीच थंडी लाभलेली असते. पावसाळ्यात अनेकदा चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारी कोथिंबिरीची जुडी थंडीत पाच-दहा रुपयांवर येते. म्हणजे कुंडीतले पीक हाती येते तेव्हा त्याची बाजारातली किंमत तळाला असते, आणि भाजी महाग होते त्या जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीतही पाणी साचून मुळे कुजत असतात.

कुंडीत काय लावले तर पैसे वाचतात?

ज्या गोष्टी थोड्या लागतात, पण विकत घेताना जुडीने घ्याव्या लागतात आणि उरलेल्या फ्रीजमध्ये काळ्या पडतात, त्या कुंडीत लावल्या तर हिशेब जुळतो. कढीपत्त्याची सात-आठ पाने, चहात घालायची गवती चहाची पात, चटणीपुरता पुदिना, वरून भुरभुरण्याची कोथिंबीर. इथे बचत उत्पन्नातून कमी आणि न फेकण्यातून जास्त होते. मिरचीचे रोप आता लावले तर काळजी घेतल्यास उन्हाळ्यापर्यंत, कधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिरच्या देते. चुरडा-मुरडा पडला नाही तर चार रोपे एका घराला पुरतात. कढीपत्ता, ओवा, पुदिना, गवती चहा यांना वर्षभर मरण नाही, त्यामुळे महागाईच्या महिन्यांतही ती हाताशी असतात. जमीन असेल त्यांनी शेवगा लावावा. एक झाड वर्षानुवर्षे पाला, फुले आणि शेंगा देते.

बटाटे, कांदे, फ्लॉवर, कोबी यांचा नाद शहरात सोडलेला बरा. एक फ्लॉवर अडीच-तीन महिने कुंडी अडवतो आणि तो काढणीला येतो तेव्हा बाजारात त्याचे ढीग लागलेले असतात. टोमॅटो लावावा तो हौसेने. त्याला दिवसाचे सहा तास ऊन लागते, पालेभाज्यांचे चार-पाच तासांत भागते. उत्तरेकडच्या बाल्कनीत यातले काहीच नीट होत नाही, हे रोपवाटिकेत सहसा कोणी सांगत नाही.

खर्चाची बाजूही पाहावी लागते. मातीने भरलेल्या दहा कुंड्या, रोपे, कोकोपीट आणि खताच्या पिशव्या घेतल्या तर दीड-दोन हजार रुपये सहज जातात. महिन्याला दीडशे रुपये वाचले तरी ते भरून निघायला वर्ष लागते आणि कित्येक बागा वर्षभर टिकत नाहीत. तेलाचे रिकामे डबे, जुन्या बादल्या, मासळी बाजारातली थर्माकोलची खोकी यांना खाली भोके पाडून काम भागते. पेरायला स्वयंपाकघरातलेच दाणे चालतात. मेथी रात्रभर भिजवावी, धणे हलकेच रगडून दोन पाकळ्या करून घ्यावेत, पण ते फार जुने नसावेत. सगळे एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरले, तर भाजी एकाच आठवड्यात अंगावर येत नाही. गच्चीवर वाफे करण्याआधी सोसायटीशी बोलून घ्यावे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते आणि गळतीचे भांडण भाजीपेक्षा महाग पडते.

स्वयंपाकघरात पैसे कुठे निसटतात?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतून दरडोई वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज आहे. त्यात साली, देठ, कोयी असा न खाण्याचा भागही धरलेला आहे. तरी चौघांच्या घरात हा आकडा २२० किलो होतो.

मराठी स्वयंपाकात या २२० किलोंवर जुने उपाय आहेत. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, फ्लॉवरच्या कोवळ्या दांड्यांची आमटी, कोथिंबिरीच्या देठांचे वाटण, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी. घरात भाजी नसेल त्या दिवशी पिठले. या पदार्थांना कोणी ‘शून्य कचरा’ म्हणत नव्हते, कारण कचरा करण्याइतके घरात काही नसे. आता अडचण वेगळी आहे. आठवड्याची भाजी एकदम येते, बुधवारपर्यंत निवडली जात नाही, गुरुवारी कंटाळा येतो आणि बाहेरून जेवण मागवले जाते. त्या दिवशी घराने एकाच जेवणाचे पैसे दोनदा मोजलेले असतात.

कुंडीचा उपयोग इथे होतो. दारात मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता असेल तर पिठले-भात, मुगाची खिचडी, उसळ वीस मिनिटांत उभी राहते आणि फोन हातात घेण्याची वेळ टळते. कुंडीतली २० रुपयांची कोथिंबीर ४०० रुपयांची ऑर्डर वाचवते तो दिवस बागेच्या जमाखर्चात कधी लिहिला जात नाही. खरे तर तोच लिहायला हवा.

इंधनाचेही तसेच. मुंबईच्या एप्रिल २०२५ मधील दराने घरगुती गॅस किलोला ६० रुपये पडत होता. कडधान्ये आदल्या रात्री भिजवणे, डाळ-भात एकाच कुकरमध्ये लावणे, उकळी आल्यावर आच कमी करून झाकण ठेवणे यासाठी काही विकत आणावे लागत नाही.

भाजीचा हिशेब महिन्याचा धरावा की वर्षाचा?

घरखर्चाची वही महिन्याची असते. भाजी मात्र वर्षाच्या चालीने वर-खाली होते. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, चाळींत साठवला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत संपत येतो. त्याच सुमारास खरिपाचा कांदा यायचा असतो. पावसाने त्याची वेळ चुकवली की दर उसळतात. टोमॅटोचे जुलै २०२३ मध्ये तेच झाले. भाज्यांची महागाई त्या महिन्यात ३७.३४ टक्के होती, काही शहरांत टोमॅटो किलोला २०० रुपयांवर गेला आणि थोड्याच महिन्यांत शेतकऱ्यांवर तो फेकून देण्याची पाळी आली. पितृपक्षात गवार, भेंडी, कारले चढतात. चातुर्मासात कांदा-लसूण, वांगे वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीला भरीत-रोडगे करून ते पुन्हा सुरू करतात, तोवर वांगी मुबलक आलेली असतात. भोगीच्या भाजीत गाजर, पावटा, हरभरा, वांगी एकत्र येतात तीही त्यांच्या भर हंगामात. सणांचे पंचांग आणि बाजाराची आवक यांचा मेळ जुन्या गृहिणींना पाठ होता.

त्यावरून खर्चाची साधी सोय करता येते. समजा घराने भाजीसाठी दरमहा १,५०० रुपये ठरवले. डिसेंबर ते फेब्रुवारीत १,००० रुपयांत भागले तर उरलेले ५०० दुसरीकडे वळू न देता वेगळे ठेवायचे. तीन महिन्यांत १,५०० जमतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये बिल २,००० वर गेले तरी वहीला धक्का बसत नाही. हीच रीत धान्यालाही लागू आहे. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून बाजारात येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये. वर्षाची साठवण करायला आता ना घरात जागा असते ना हाती एकरकमी पैसे, पण तीन महिन्यांची डाळ हंगामात भरणे बऱ्याच घरांना जमण्यासारखे आहे. जानेवारीत मटार स्वस्त असताना सोलून फ्रीझरमध्ये टाकणे हा त्याचाच शहरी अवतार. फ्रीज तसाही चालूच असतो.

ग्राहकाचा हा फायदा कोणाच्या तरी तोट्यातून येतो, हेही खरे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातून शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात. राज्याने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. अशा बाजारात जुडीमागे दोन रुपये वाचले, तरी विकणाऱ्यालाही मंडईपेक्षा जास्त मिळालेले असू शकतात.

ही बचत कोणाच्या वेळेतून होते?

घरचा स्वयंपाक स्वस्त पडतो, कारण त्यातल्या मजुरीचा दर शून्य धरलेला असतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात सहभागी स्त्रियांची रोज २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. भाजी निवडणे, मटार सोलणे, कुंड्यांना पाणी घालणे, उरल्या पोळ्यांचे काही करणे ही सगळी त्याच २८९ मिनिटांत भर आहे. नोकरी करून सात वाजता घरी पोहोचणाऱ्या बाईला कुस्कऱ्याचे कौतुक ऐकवणे सोपे असते. बाहेरून मागवलेल्या जेवणातला मोठा भाग तिने विकत घेतलेला वेळ असतो आणि तो वायफळ खर्चात धरणे न्याय्य नाही. घरातल्या इतरांनी भाजी निवडून ठेवली आणि कुकर लावला, तर ७७६ रुपयांची ती बचत शक्य आहे. नाहीतर ती वहीत एका जागेवरून दुसऱ्या, न लिहिलेल्या जागेवर जाते.

गावाकडच्या परसबागेचे काय?

ग्रामीण भागात गणित वेगळे आहे. तिथे दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि त्यात भाज्यांचा वाटा ६.०३ टक्के, म्हणजे माणशी २५० रुपयांच्या आसपास. रक्कम शहराहून लहान, पण खर्चातला वाटा मोठा. जमीन दारातच असते, भांडी घासलेले पाणी केळीला आणि अळूला जाते, त्यामुळे गुंतवणूक जवळपास शून्य. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत परसबागांची मोहीम राबवली, ती पोषणासाठी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हात आखडता घ्यावा लागला की ताटातून आधी कमी होतात ती फळे आणि पालेभाजी, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलेही उरलेले येते. दारात राजगिरा, माठ, शेवगा असेल तर ती भाजी रोजच्या पैशांवर अवलंबून राहत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या आणि इतर भाज्यांच्या गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. बाजारातल्या संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावरान वालाच्या चार शेंगा वेलावरच वाळू दिल्या, राखेत ठेवल्या की पुढच्या वर्षीचे बी तयार असते. शहरातल्या कुंडीतही एवढे जमते. थंडीच्या शेवटी दोन-तीन रोपे कोथिंबीर न तोडता फुलावर जाऊ दिली, तर मार्चच्या सुमारास धणे हाती येतात आणि पुढच्या दिवाळीला तेच पेरता येतात.